गाठीखालची माणसे आणि ना. म. जोशी

माझ्या मोठ्याबाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. पण तीस वर्षे त्यांनी जो माल अंगावर झेलला, त्याची वाट समुद्राकडेच जाणारी होती. कारंजा लाडच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये ते हमाल होते. दाबलेल्या रुईची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ. वजन सुमारे पावणेदोनशे किलो. ती आकड्याने ओढायची, दोघातिघांनी मिळून लोटायची, थप्पीला लावायची आणि वेळ आली की थप्पीवरून उतरवून बंडीत, बंडीतून स्टेशनात उभ्या असलेल्या नॅरोगेजच्या डब्यात भरायची. तिथून मूर्तिजापूर, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बदली आणि पुढे मुंबई. त्यापुढचे मोठ्याबाबांना ठाऊक नव्हते. काही गाठी गिरण्यांत जातात आणि काही जहाजात, एवढेच ऐकीव.

१९६८ च्या हंगामात एक थप्पी सरकली आणि वरची गाठ त्यांच्या उजव्या पायावर आली. पाय गुडघ्याखाली मोडला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्यांना बंडीत घालून दवाखान्यात नेले, तेव्हा बंडीच्या मागे धावत गेल्याचे मला आठवते. पाय बसवला तो वाकडाच बसला. भरपाईचा विषय निघाला तेव्हा मालकाने सांगितले की हा मुकादमाचा माणूस, आणि मुकादमाने सांगितले की रोजचा माणूस, हजेरीपटावर नाव नाही. दोघांचेही म्हणणे तसे खरेच होते. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहत. १९२३ सालापासून असा कायदा आहे, त्यासाठी दिल्लीच्या कौन्सिलात जोशी नावाचा एक कोकणातला माणूस वर्षानुवर्षे बोलत होता, तुम्ही अर्ज करा, असे त्यांनी वडिलांना समजावले. वडील दोनदा अकोल्याला जाऊन आले. आमचा जिल्हा तेव्हा अकोलाच; वाशीम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. अर्जाबरोबर कामाला असल्याचा पुरावा मागितला गेला. पुरावा म्हणजे मोडलेला पाय, दुसरा नव्हता. अखेर दीडशे रुपयांवर तोंडी मिटले. मोठेबाबा पुन्हा गाठीखाली गेले नाहीत.

मास्तरांनी सांगितलेला तो जोशी माझ्या डोक्यात राहिला, पण नुसत्या आडनावानेच. १९८१ साली नोकरीच्या परीक्षेसाठी मी मुंबईला गेलो आणि लोअर परळला एका नातेवाइकाच्या खोलीवर उतरलो. जुनी माणसे त्या रस्त्याला डिलाइल रोड म्हणत. पाटीवर नाव होते ना. म. जोशी मार्ग. चाळीतल्या चारपाच जणांना मी विचारले, हे जोशी कोण? एकाने सांगितले नगरसेवक असतील, दुसऱ्याने सांगितले स्वातंत्र्यसैनिक. परीक्षा झाल्यावर बोटी बघायच्या म्हणून मी बोरीबंदरहून गोदीच्या बाजूला गेलो, तर भिंतीला लागून लांबच लांब जाणारा रस्ता होता पी. डिमेलो मार्ग, पूर्वीचा फ्रियर रोड. प्लॅसिड डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी, १९५८ साली गेले. त्यांचे नाव मात्र फाटकावरच्या प्रत्येक हमालाला माहीत होते. एक रस्ता गिरणगावातला, एक गोदीकाठचा. दुसऱ्याची ओळख लोकांत शिल्लक होती, पहिल्याची नुसती पाटी. याचे मला तेव्हा नवल वाटले. पुढे ग्रंथालयांतून जे जमेल ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की डिमेलोंच्या संघटनेला ज्या कायद्याच्या जमिनीवर उभे राहता आले, त्या जमिनीची मशागत फार आधीपासून या पाटीवरच्या माणसाने चालवली होती. म्हणून हा लेख.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. गोरेगाव म्हटले की आज मुंबईचे उपनगर आठवते. हे माणगाव तालुक्यातले, आताच्या रायगडातले. तो मुलूख खाड्यांचा. तिथून मुंबईला जायचे तर त्या काळी पाण्याचीच वाट सोयीची. धरमतरला जाऊन बोट धरायची, नाहीतर बाणकोटच्या खाडीकडे उतरायचे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही किनाऱ्यावरची बंदरे म्हणजे तिकडची एसटी स्थानकेच म्हणा ना. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे, पोती, आंब्याच्या पेट्या, नारळ, कौले, सगळे पडावांतून तिच्याकडे जायचे. बोटीला धक्का नाही, मालाला यारी नाही. हमाल कमरेएवढ्या पाण्यात उभा. हंगाम आठ महिन्यांचा, पावसाळ्यात बंदर बंद आणि मजुरीही बंद. अशा मुलखातला हुशार मुलगा शिकायला पुण्यास गेला आणि गडी मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बोटीवर खलाशी.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आमच्या कारंज्याशी जोडलेले आहे. मोठ्याबाबा ज्या नॅरोगेजच्या डब्यात गाठी भरत, ती यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. आणि त्या कंपनीचा कारभार पाहणारी पेढी मुंबईची किलिक निक्सन. हीच किलिक निक्सन कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचीही मॅनेजिंग एजंट होती. म्हणजे कारंज्याच्या फलाटावर गाठ चढवणारा आणि वेंगुर्ल्याच्या पडावात पोते टाकणारा, या दोघांच्या घामाचा हिशेब मुंबईच्या एकाच कचेरीत लागत होता. मात्र त्या हिशेबाच्या वहीत दोघांचीही नावे नव्हती. माल कंपनीचा आणि माणूस मुकादमाचा, हीच दोन्हीकडची रीत. हे मला कळले तेव्हा आपला समुद्राशी संबंध नाही असे म्हणायची सोय उरली नाही.

जोशी १९०१ साली डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. सात-आठ वर्षे त्यांनी शिक्षकी केली आणि १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. आयुष्यभर बेताच्या वेतनावर सार्वजनिक काम करायचे, अशी ती दीक्षा. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली तिचे ते चिटणीस. रात्रशाळा, फिरती वाचनालये, सहकारी पतपेढ्या, दवाखाने अशी कामे लीगने गिरणगावात केली. त्यांत चमकदार असे काही नव्हते. पण चाळीत रोज संध्याकाळी जाणाऱ्या माणसाला जे दिसते ते भाषण करून परतणाऱ्याला दिसत नाही. मजूर सावकाराला किती देतो, मुकादमाला किती देतो, आणि उरते काय, हे त्यांना ठाऊक झाले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचे मूळ इथे आहे. भांडवलशाही चांगली की वाईट या प्रश्नापेक्षा पगारातले मधले हात कसे तोडायचे, हा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटू लागला.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशींना सरकारने पाठवले. तिथे जगाला दिवसाचे आठ तास ठरले आणि हिंदुस्थानच्या वाट्याला आठवड्याचे साठ. त्यावरही समाधान मानावे अशीच तेव्हाची स्थिती होती. पण तिथे एक तांत्रिक गोष्ट पुढे आली. प्रतिनिधी कामगार संघटनांच्या सल्ल्याने निवडावा असा नियम, आणि इकडे देशपातळीवर संघटनाच नव्हती. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष, आणि उभारणीच्या कामात जोशी पुढे. १९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त सभासद झाले आणि १९४७ पर्यंत तिथेच राहिले. सव्वीस वर्षे! त्याच सुमारास सरकारने देऊ केलेला सी.आय.ई. किताब त्यांनी नाकारला.

विधिमंडळातले त्यांचे पहिले महत्त्वाचे काम म्हणजे कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळावी हा मार्च १९२१ चा ठराव. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या संपात पुढाऱ्यांवर कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. संघटना करणे हाच कट ठरण्याची भीती होती. ठराव झाला, पण कायदा यायला १९२६ साल उजाडले. कोणत्याही सात जणांनी मिळून संघटना नोंदवावी, असे त्यात होते. बाळंतपणाच्या रजेचे बिल त्यांनी आणले ते फेटाळले गेले; मुंबई प्रांताने मात्र १९२९ साली तसा कायदा केला. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा झाला तेव्हाही जोशी सभागृहात होते. आमच्या मास्तरांनी सांगितला होता तो हाच.

आता मूळ विषयाकडे येतो. गिरणी कामगाराला निदान एक फाटक असते, भोंगा असतो, हजेरीपट असतो. बंदरावरच्या माणसाला यांतले काहीही नसते. जोशींच्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की असल्या विखुरलेल्या, मोजता न येणाऱ्या कष्टकऱ्यांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. मुंबईतल्या खलाशांच्या संघटनेचे, इंडियन सीमेन्स युनियनचे, ते अध्यक्ष होते. या खलाशांत रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान आणि हिंदू होते, गोव्याचे ख्रिस्ती होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे चौथा हिस्सा हिंदी खलाशांचा होता. त्यांच्यावाचून ब्रिटनची जहाजे हलली नसती, आणि त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नसे.

या खलाशांच्या भरतीची रीत समजून घेण्यासारखी आहे. जहाज मुंबईला लागले की कंपनी एखाद्या सारंगाला बोलावी. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य; त्याच्या हाताखाली तांडेल. माणसे गोळा करण्याचे काम सारंगाचे, आणि त्याच्या डोक्यावर परवानाधारक दलाल. खलाशी गावाहून यायचा तो आपल्याच मुलखातल्या माणसाच्या खोलीवर उतरायचा. गोव्याचा असेल तर आपल्या गावाच्या कुडात. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने बसून राहणे आलेच, कारण जागा थोड्या आणि माणसे फार. तेवढ्या दिवसांचे खाणेपिणे उधारीवर. मग कधीतरी सारंगाची मर्जी फिरायची. मर्जी म्हणजे पैसे. जहाजावर चढताना जी आगाऊ रक्कम हातात पडायची ती खोलीवाला, दलाल आणि सारंग यांच्यात वाटली जायची, आणि माणूस बोटीवर पाऊल ठेवायचा तो कर्ज घेऊनच. पैसे देणारा तक्रार करणार नाही, कारण पुढची सफर त्याच सारंगाकडे. यात सारंगालाच खलनायक करण्याचे कारण नाही. तोही वर कुणाला तरी देत होता.

१९२० साली जिनोव्हा येथे खास दर्यावर्दी कामगारांसाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले होते की खलाशाला काम मिळवून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसा घेता कामा नये. इतकी साधी गोष्ट. हिंदुस्थान सरकारने १९२२ साली खलाशी भरतीची चौकशी करायला समिती नेमली. दलाल नकोत, सरकारी भरती कचेरी हवी, असा त्या सगळ्या चर्चेचा रोख. आणि पुढे? कंपन्यांची अडचण, बंदरांची अडचण, हळूहळू करू. जोशी हा प्रश्न पुन:पुन्हा काढत राहिले. विधिमंडळात आणि जिनीव्हाच्या परिषदांतही. आकडे, कलम, तारीख; पुढच्या अधिवेशनात पुन्हा आकडे, कलम, तारीख. अशा माणसाचे चरित्र लिहिणे अवघड असते, कारण त्यात प्रसंगच नसतात. संप फुटला, गोळीबार झाला, पुढारी तुरुंगात गेला, असे काही घडले की लेखणी धावते. इथे नुसती चिकाटी. खलाशांच्या सरकारी भरती कचेऱ्या खऱ्या अर्थाने सुरू झाल्या त्या स्वातंत्र्यानंतर.

पण एक वारस त्यांना चांगला लाभला. भारत सेवक समाजातलेच दिनकर देसाई, उत्तर कन्नडचे, पुढे कन्नड चौपद्यांसाठी प्रसिद्ध झालेले. त्यांनी मुंबईत खलाशांची संघटना हाती घेतली आणि १९४० साली हिंदुस्थानातल्या दर्यावर्दी कामगारांवर एक भरभक्कम इंग्रजी पुस्तक लिहिले. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या अखेरीस, ब्रिटनच्या बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवर हिंदी खलाशांनी संप केले आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. वीस वर्षांच्या अर्जांनी जे झाले नाही ते काही आठवड्यांच्या संपाने झाले, असे म्हणता येईल. आणि म्हणणाऱ्यांनी तसे म्हटलेही. मला ते अर्धेच खरे वाटते. पण अर्धे खरे आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

हाच वाद १९२९ साली आमच्या नागपुरात पेटला होता. ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने कामगारांच्या चौकशीसाठी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले होते आणि जोशी त्याचे सभासद होते. कमिशनवर बहिष्कार घालावा असे डाव्यांनी बहुमताने ठरवले. १९२५ पासून संस्थेचे सरचिटणीस असलेले जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. त्यांत पुढे राष्ट्रपती झालेले वराहगिरी गिरीही होते. स्वतः उभ्या केलेल्या घरातून बाहेर पडणे सोपे नसते. त्यांना सरकारचा माणूस म्हटले गेले. कमिशनची खुर्ची त्यांनी सोडली नाही.

ती सोडली नाही म्हणून काय मिळाले, याचे उत्तर १९३१ च्या अहवालात आहे. त्या जाडजूड अहवालात गोदी कामगारांवरचा मजकूर मी शोधून वाचला. त्या काळची मुंबईची गोदी म्हणजे टोळीवाल्यांचे राज्य. जहाजातला माल काढणारे स्टीव्हडोअरचे, धक्क्यावर वाहणारे टोळीवाल्याचे. पहाटे फाटकावर पाचशे माणसे जमायची, काम दोनशेंना. ती दोनशे कोणती हे टोळीवाल्याच्या बोटावर. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले, पण रीत हीच. उरलेली तीनशे उपाशी घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. कमिशनने सुचवले की गोदी कामगारांची नोंदवही करा, नोंदलेल्यांनाच पाळीपाळीने काम द्या, गरजेपेक्षा जास्त माणसे फाटकावर लोंबकळत ठेवू नका. रोजंदारीची ही बेभरवशाची पद्धत मोडणे हा त्याचा गाभा. आणि त्या अहवालावर जोशींची सही आहे.

याची अंमलबजावणी कशी झाली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र फारच गोड होईल. नोंदवहीचा कायदा झाला १९४८ साली, आणि मुंबईच्या गोदीत योजना आली १९५१ साली. शिफारशीपासून वीस वर्षे. गोदी कामगारांच्या अपघातांपासून संरक्षणाचा कायदा विधिमंडळाने केला १९३४ साली. तो प्रत्यक्ष लागू झाला फेब्रुवारी १९४८ मध्ये. चौदा वर्षे कायदा कागदावर आणि यारीखाली माणसे. जहाजातून जाणाऱ्या एक टनावरच्या जड नगावर त्याचे वजन लिहिलेले असावे, म्हणजे यारीवाल्याला आणि हमालाला अंदाज येईल, असा आंतरराष्ट्रीय करार १९२९ चा. हिंदुस्थानने तो १९३१ मध्येच मान्य केला. त्याचा कायदा आला १९५१ साली. आमची कापसाची गाठ त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, म्हणून तिच्यावर वजन लिहिण्याची सक्ती तेव्हाही नव्हती. तिचे वजन मोठ्याबाबांच्या पायाने मोजले.

तरीही १९५१ नंतर मुंबईच्या गोदीत जे बदलले ते थोडेथोडके नव्हते. नोंदलेल्या कामगाराला महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या पगाराची हमी मिळाली, आणि हजर राहूनही काम मिळाले नाही तर हजेरीभत्ता. फाटकावर उभे राहण्याचेही मोल असते, हे प्रथमच मान्य झाले. हे सारे पदरात पाडून घेतले ते डिमेलोंसारख्यांनी, संघटनेच्या आणि संपाच्या जोरावर. जोशींनी गोदीत संप लढवला नाही. पण मागायचे काय, हे १९३१ पासून छापून ठेवलेले होते.

जोशींबद्दलचा माझा आदर मात्र सर्वांत वाढला तो एका वेगळ्याच प्रसंगाने. राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत युद्धकाळात सरकारने कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्त्यांना डांबले होते. डांगे तिथे होते, जयप्रकाश तिथे होते. १९४१ च्या अखेरीस तिथे मोठे उपोषण झाले. त्या वेळी छावणीत गेले ते जोशी. नागपुरात ज्यांच्या मताने त्यांना घर सोडावे लागले होते, त्याच मताची ही माणसे. बासष्ट वर्षांचे जोशी तिथे जाऊन कैद्यांना भेटले, त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली आणि त्यांच्या मध्यस्थीने उपोषण सुटले. तोवर फुटलेल्या संघटनाही पुन्हा एक झाल्या होत्या. तो समझोताही १९३८ साली नागपुरातच झाला, हा एक योगायोग. १९४० मध्ये जोशी पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले ते १९४८ पर्यंत. त्याच १९४० साली त्यांनी एकतीस वर्षांच्या सहवासानंतर भारत सेवक समाज सोडला. नेमस्तांना ते फार डावे वाटू लागले होते, आणि डाव्यांना कायमच फार नेमस्त. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिल्या वेतन आयोगाचेही ते सभासद होते. ३० मे १९५५ रोजी ते गेले.

त्यांच्या मार्गातली उणीवही मला लपवायची नाही. कायद्याने मोजायचे म्हणजे व्याख्या आली आणि व्याख्या आली की कुणीतरी बाहेर राहणार. गोदीचे हे सगळे कायदे मोठ्या बंदरांना लागू झाले. मुंबई, कलकत्ता, मद्रास. दाभोळ, विजयदुर्ग, वेंगुर्ला ही लहान बंदरे. तिथल्या पडावावरच्या हमालाची नोंदवही झाली नाही, त्याला हजेरीभत्ता नव्हता. ज्या पाण्यावरून जोशी मुंबईला आले, त्या पाण्यावरची माणसे त्यांच्या कायद्यांच्या जाळ्यातून निसटली. मुंबईत हक्क मिळालेला खलाशी पावसाळ्यात गावी येई तेव्हा त्याचाच भाऊ बंदरावर रोजाने राबत असे. जोशींना हे दिसत नसेल असे नाही. आधी जिथे हजारो एकत्र आहेत तिथे पाय रोवू, मग विखुरलेल्यांकडे जाऊ, असा त्यांचा हिशेब असावा. तो हिशेब चुकीचा म्हणवत नाही. पण विखुरलेल्यांच्या दारापर्यंत पोचायला फार उशीर झाला.

महाराष्ट्रात तो पोचला १९६९ साली, माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटलांनी मस्जिद बंदरच्या आणि दाणाबंदरच्या गोदामांतल्या, डोक्यावर माल वाहणाऱ्या सातारकडच्या माणसांना उभे केले आणि सरकारकडून तो कायदा घेतला. मालक अनेक असोत, मुकादम कुणी असो, हमालाचे नाव मंडळाच्या वहीत. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची. मधला हात गेला. गोदीच्या नोंदवहीचीच ही पुढची आवृत्ती, असे मला वाटते. पण मोठ्याबाबांचा पाय मोडला होता १९६८ ला. एक वर्ष आधी. शिवाय मुंबईत झालेला कायदा कारंज्याच्या जिनिंगपर्यंत यायला आणखी किती हंगाम लागले, ते आमच्याकडचे हमालच सांगू शकतील.

त्यानंतर गोदीत कंटेनर आले. शंभर माणसांचे काम एक यारी करू लागली, गोदी कामगार मंडळे बंदर न्यासांत विलीन झाली. जोशींच्या ठरावातून आलेला १९२६ चा कायदा आणि मास्तरांनी सांगितलेला १९२३ चा कायदा, दोन्ही २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कागदोपत्री अठ्ठेचाळीस लहान बंदरे आहेत. जोशींच्या लहानपणी जिथून बोट सुटत असे त्या धरमतरला आता बार्जमधून लोहखनिज आणि कोळसा येतो. आमच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढून घेतले, पुढे गाडीच बंद पडली.

मागच्या वर्षी कारंज्याला गेलो होतो. स्टेशनात रुळांवर गवत माजलेले होते. घरात माळ्यावर मोठ्याबाबांचा आकडा सापडला. लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली, टोक अजून तीक्ष्ण. चुलतभावाने विचारले, भंगारात देऊ का? मी तो घेऊन आलो.